अर्ध्यातून वळवलेली बस

४ फेब्रुवारी

धाकटे,

मायना वगळते. आशीर्वाद द्यावेत इतकी मी आज शांत नाही, आणि मनात नसताना दिलेले आशीर्वाद तुलाही खपायचे नाहीत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एक नजर टाकतोच.

काल बस कंपनीच्या आरोग्य समितीसमोर तू जे बोललीस, ते मला डेपो मॅनेजरकडून कळलं. हातातली किल्ली फिरवत तो माझ्या दारात उभा होता. म्हणाला, "आता काळजी नको बाई. कारण घरचंच निघालं. तुमच्या बहिणीनेच सांगितलं, आई कडक आहे, मुलाला लहानपणापासून तोंड उघडू दिलेलं नाही." आणि हसला. मी त्याला आत या म्हटलं नाही.

बारक्या बोलायचा थांबला त्याला महिना होत आला. घसा ठणठणीत आहे, डॉक्टरांना तिथे काही सापडत नाही. खोकतो, जांभई देतो. शब्द काढायला गेला की तोंड उघडतं आणि नुसती हवा येते. दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसून वायरलेसवर ड्रायव्हरांना कुठे थांबा आणि कुठे वळा हे सांगणं, हेच त्याचं काम. त्याचा आवाज त्या खुर्चीत बसल्याबसल्या जातो. आणि तू, त्याची सख्खी मावशी, कर्मचाऱ्यांची मनं सांभाळायला कंपनीने नेमलेली बाई, समितीला सांगतेस की कारण आई आहे.

मी कडक आहे, हे काय तू शोधून काढलंस? शाळेत माझी सावली दिसली की व्हरांडा रिकामा व्हायचा. पण बारक्याला मी तोंड उघडू दिलं नाही? हा मुलगा लहानपणी इतकी बडबड करायचा की तू कानात कापूस घालून परीक्षेचा अभ्यास करायचीस. विसरलीस?

कंपनीचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. आजार कामामुळे झाला असेल तर दुसऱ्या जागी बदली. घरामुळे झाला असेल तर बरं व्हायचं आणि मुकाट्याने त्याच खुर्चीत परत. तो त्या खुर्चीत परत गेला तर यावेळी आवाज गेला, पुढच्या वेळी काय जाईल याचा विचार मी करत नाही, कारण केला तर हात चालेनासे होतात. मला त्याची बदली हवी आहे. पंधरा तारखेला समिती पुन्हा बसते आहे. तोवर आपलं बोलणं बदल.

ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. शाळेत निबंधही असेच लिहायचीस आणि मार्क कमी पडले की माझ्याकडे बघायचीस.

लिहितेस, "मी त्याची नोकरी वाचवली आहे, ताई. बदलीचा नियम कागदावर आहे, बदलीच्या जागा कुठेच नाहीत. कारण घरचं म्हटलं तर सुट्टी मिळेल, उपचार मिळतील, खुर्ची टिकेल. कृपा करून मध्ये पडू नकोस."

म्हणजे खोटं बोललीस ती प्रेमापोटी. छान. आणि जागा नाहीत हे तुला कुणी सांगितलं? त्याच किल्लीवाल्याने ना?

मध्ये पडू नकोस म्हणालीस, म्हणून पडले. परवा सकाळी बारक्या वायरलेसवरून सांभाळायचा त्या मार्गावरची बस पकडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं ठरवून बसले. पुलापुढे पाणीपुरवठ्यावाल्यांनी रस्ता खणून ठेवलाय, तिथे बस गोगलगायीसारखी सरकते. बाजाराच्या चौकात आलो तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावरचा वायरलेसचा डबा खरखरला. "उशीर झालाय. पुढे जाऊ नका, तिथूनच वळा." आवाज बारक्याच्या जागी बसवलेल्या माणसाचा होता, आणि त्याचाही बसलेला होता.

ड्रायव्हर मिशीवाला, वयस्क. मागे न बघताच म्हणाला, "उतरा सगळे. गाडी इथून परत." लोक उतरले. कुणाला आश्चर्यही वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. हाताला प्लास्टर घातलेली एक बाई तेवढी म्हणाली, "तुमच्या आईला असं मध्येच उतरवाल का हो?" तो म्हणाला, "माझी आई हल्ली चालतच जाते."

मी उतरले नाही. माझं वय बघून त्यानेही ओढाताण केली नाही. परतीच्या वाटेवर मी विचारलं, हे काय चाललंय. त्याने सांगितलं. बस वेळेवर आहे की नाही हे फक्त दोन टोकांना बघतात. उशीर झालेली बस अर्ध्यातून वळवली की या टोकाला ती वेळेवर पोचते, आणि आकडा चांगला दिसतो. मधल्या थांब्यांवर उभी असलेली माणसं कुठल्याच आकड्यात धरत नाहीत. शिव्या मात्र ड्रायव्हरला पडतात. ड्रायव्हर त्या वायरलेसवर परत पाठवतो. वायरलेसवर बारक्या.

मला चैन पडेना. डेपो मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, आम्हाला वरून आकडा विचारतात, चुकला तर कंत्राट जातं. नगरपालिकेत गेले. तिथला साहेब म्हणाला, बस उशिरा येतात अशी वर्तमानपत्रांत ओरड झाली, म्हणून आम्ही वक्तशीरपणाची अट घातली. रस्ता खणणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही शाळांच्या सुट्टीत खणणार होतो, शाळांनी सुट्टीच हलवली. मग माझ्या जुन्या शाळेत गेले. नव्या मुख्याध्यापिकेने चहा पाजला आणि सांगितलं, बसच्या घोळामुळे मुलं वेळेवर पोचेनात, अभ्यास मागे पडला, म्हणून सुट्टी पुढे ढकलावी लागली. घंटा झाली की फाटक बंद करायचं हा माझा नियम मात्र त्यांनी ठेवलाय. चांगला नियम आहे.

सगळे माझ्याशी सभ्यपणे बोलले. एकानेही आवाज चढवला नाही. एवढी पायपीट करून एकही दुष्ट माणूस सापडला नाही, याचा मला फार राग आला. सापडला असता तर मी त्याला सरळ केलं असतं. प्रत्येकाने आपली अडचण पुढच्याच्या गळ्यात घातली आहे, आणि सगळ्यांच्या अडचणी फिरत फिरत एका खुर्चीत येऊन बसल्या आहेत. त्या खुर्चीतल्या माणसाला नुसतं बोलायचं असतं. पुढे जाऊ नका, तिथूनच वळा. दिवसभर.

आणि त्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर तुझं पत्रक. दीर्घ श्वास घ्या, मन हलकं करा, ताणमुक्तीचा तास जेवणाच्या सुट्टीत. मिशीवाला म्हणाला, "तुमची बहीण चांगली आहे हो. पण ती श्वास घ्यायला लावते तेव्हा आमचं जेवण राहून जातं."

एवढं सगळं असताना कारण मी?

ताई

१२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र लिहू की नको असं दोनदा झालं. लिहिते, कारण अर्धवट माहितीवर माणसाला कामाला लावू नये.

काल गच्चीवर कपडे वाळत घालताना सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तुला माहीत आहे, ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि घरात गरजेपुरतं बोलते. म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंय. त्याचा आवाज माझ्यामुळे गेला."

बारक्याचा आवाज गेला त्याच्या आदल्या दिवशी ही थांब्यावर उभी होती. तिला आधीच उशिराबद्दल ताकीद मिळालेली. तिने त्याला कंट्रोल रूममध्ये फोन करून विचारलं, बस येतेय ना? तो म्हणाला, येतेय, पाच मिनिटांत. तेवढ्यात मॅनेजर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तीच बस उशिरात होती. बायको पुढच्या थांब्यावर उभी आहे हे माहीत असताना त्याने आपल्या तोंडाने ती बस बाजाराच्या चौकातून वळवली. ही उभीच. चालत इस्पितळात पोचली तेव्हा तिला कायमची रात्रपाळी लावून झाली होती.

घरी येऊन तिने त्याला एवढंच म्हटलं, "आजपासून तुझ्या तोंडून एक शब्द नको मला." दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून त्याने वायरलेसचं बटण दाबलं, आणि आवाज नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. एका छपराखाली राहतो आम्ही.

मी तिला सांगितलं, हे समितीसमोर बोलायचं नाही. नवरा-बायकोचं भांडण म्हटलं की ते लगेच घरचं कारण म्हणून शिक्का मारतील. ती म्हणाली, "पण खरं तर हेच आहे." मी म्हटलं, खरं काय सांगायचं ते मी बघते, तू खालून उरलेले कपडे आण. तिने आणले.

आता तुझ्याबद्दल. तू समितीला सांगितलंस, त्या घरात जेवताना बोलायची बंदी होती, रडायचं तर न्हाणीघरात जाऊन कडी लावून रडायचं, आणि चूक झाली की रात्र उलटेपर्यंत कुणी त्या मुलाशी बोलायचं नाही. मॅनेजरने हे शब्द मला जसेच्या तसे ऐकवले. मी तेव्हा नुसती चिडले. काल सून खाली गेल्यावर ते शब्द पुन्हा आठवले आणि मी गच्चीवरच बसले.

बारक्याच्या वेळी जेवताना बोलायची बंदी नव्हती. त्याचे वडील जेवताना गोष्टी सांगायचे आणि मी रागावले तरी सांगायचे. न्हाणीघराची कडी बारक्याचा हात तिथवर पोचायच्या आधीच मोडली होती. ती बंदी, ती कडी, तो अबोला, सगळं आई गेल्यानंतरचं आहे. मी कॉलेजात होते आणि तू फ्रॉकमध्ये. तू बारक्याच्या घराबद्दल बोलत नव्हतीस, धाकटे. आपल्या घराबद्दल बोलत होतीस. तक्रार तुझी होती आणि नाव त्याचं लावलंस.

मला बोलायचंस ना. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलीस, सणासुदीला, आजारपणात माझ्याकडे आलीस, एकदाही ब्र काढला नाहीस, आणि परक्या माणसांच्या टेबलावर जाऊन मांडलंस. त्यावर मी इथे काही म्हणणार नाही. आईविना पोर वाढवायचं म्हणजे काय असतं हे कुणी मला शिकवलं नव्हतं, एवढं म्हणते, आणि तेही तुला पटावं म्हणून नाही.

पंधराला खरं बोल. काम. फक्त काम. तुझं-माझं आपण नंतर बघू, किंवा नकोच बघायला.

ताई

१६ फेब्रुवारी

धाकटे,

काल तू बोललीस. माझ्याकडे न बघता, पण बोललीस. मी मागच्या बाकावर होते. बारक्या माझ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता, वर्गात नवीन आलेल्या मुलासारखा. तू सगळी साखळी उलगडून सांगितलीस. रस्ता, शाळा, अट, आकडा, खुर्ची. या खुर्चीत कुणालाही बसवा, वर्षभरात तो आजारी पडेल, दोष माणसात नाही, असं म्हणालीस. मी विद्यार्थ्याला इतके मार्क कधी दिले नसते, पण तुला देते.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. फार सहृदय गृहस्थ. म्हणाले, हे ऐकून आम्हाला वेदना झाल्या. कामामुळे माणूस आजारी पडतो हे सिद्ध झालं, तेव्हा त्याच कामावर त्याला परत पाठवणं क्रूरपणाचं होईल. दुसऱ्या जागा तूर्त नाहीत. तरी कर्मचाऱ्याच्याच हितासाठी त्याला सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.

हितासाठी. त्या खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या.

जिन्यात मॅनेजर भेटला. हाही सहृदयच. म्हणाला, "बाई, आम्ही त्याला सांभाळायला तयार होतो. कारण घरचं होतं तोवर खुर्ची त्याचीच होती. कामच वाईट म्हणून तुम्हीच हटून बसलात." मग तुझंही कळलं. पुढच्या महिन्यापासून श्वास घ्यायला शिकवायला दुसरी बाई येणार आहे.

जिन्याखाली तू उभी होतीस. म्हणालीस, "झालं समाधान, ताई?"

मी म्हटलं, "जा आता, बस चुकेल तुझी."

त्या क्षणी तेवढंच सुचलं. तुझा चेहरा मला दिसला होता, दिसला नाही असं समजू नकोस. पण मी खरं बोलायला लावलं, त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. हा प्रश्न नाही. उत्तर पाठवू नकोस.

ताई

२० मार्च

धाकटे,

तुझ्याकडून काही नाही. ठीक. इकडची हकिकत देते, कारण त्यात तुझाही भाग आहे.

सून रात्रपाळीला जाते. ती सकाळी आली की बारक्या तिला चहा करून देतो, दोघं खिडकीपाशी बसतात. ती बोलते आणि तो मान हलवतो. ती पूर्वीपेक्षा खूप बोलते. तिचा राग केव्हाच गेलाय, पण बोललेला शब्द परत घ्यायची रीत तिला सापडत नाहीये. भांडी, भाजी, बँक, सगळं तो करतो. नोकरीसाठी जिथे जातो तिथे विचारतात, बोलता येतं का.

मी बरेच दिवस मॅनेजरचं ते वाक्य घोळवत होते. कारण घरचं होतं तोवर खुर्ची त्याचीच होती. मग ठरवलं. गेल्या रविवारी जेवताना दोघांना सांगितलं की मी समितीकडे पुन्हा जाणार. उभी राहून सांगणार की बहीण पहिल्यांदा बोलली तेच खरं होतं. मी या मुलाला तोंड उघडू दिलं नाही, दोष माझा, कामाचा नाही, त्याला परत घ्या. काय बोलायचं ते मी बसवलंही होतं आणि म्हणून दाखवत होते. न्हाणीघराची कडी, अबोला, सगळं. मी चांगली बोलते, तुला माहीत आहे. सून म्हणाली, आई, ते त्याला त्याच खुर्चीत बसवतील. मी म्हटलं, बसवू देत, खुर्ची तरी आहे. तू मध्ये बोलू नकोस.

बारक्याने हातातली वाटी खाली ठेवली.

"आई, पुरे."

आवाज गंजलेल्या नळासारखा होता. आधी मला वाटलं बाहेर कुणीतरी बोललं. सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, आधी घास गीळ, मग बोल. दुसरं काय म्हणणार.

त्याने गिळला. मग म्हणाला, "मी तिथे परत जाणार नाही. मावशीने मला सोडवलं, हे तुला कळत कसं नाही? आणि माझ्या वतीने बोलणं आता बंद कर. सगळ्यांनीच."

सगळ्यांनीच म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता.

मी ताट उचललं आणि आत गेले. भांडी घासली. बाहेर सून रडत होती की हसत होती ते नळाच्या आवाजात कळलं नाही.

आता तो बोलतो. शेजाऱ्यांशी बोलतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो. मिशीवाला परवा येऊन गेला, दोघांनी त्या वायरलेसच्या डब्याच्या नकला केल्या आणि पोट धरून हसले. नोकरी नाही. एका गोदामात विचारलंय, बघू. बस अजून अर्ध्यातून वळतात. माझ्याशी तो बोलतो ते कामापुरतं. "आई, मीठ संपलंय." "आई, दार ओढून घे." रागाने नाही. सभ्यपणे बोलतो, नगरपालिकेतल्या साहेबासारखं.

तो कुणामुळे गप्प झाला याच्या वाटण्या मी करून पाहिल्या. रस्ता खणणारे, शाळा, आकडा, मॅनेजर, बायको, मी, तू. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडंच येतं, आणि थोडं कुणालाही मान्य करता येतं. त्याच्या एकट्याच्या वाट्याला मात्र सगळं आलं. आणि तो बोलला ते कुणामुळे, हे तुझ्या पुस्तकांत असेल. मला कळवू नकोस.

तो तुला फोन करतो हे त्याने मला सांगितलेलं नाही. पण या घराच्या भिंती पातळ आहेत. मंगळवारी तो तुझ्याशी खूप वेळ बोलत होता, मध्ये एकदा लहानपणी हसायचा तसा हसला. मी हातातलं काम सोडून ऐकत उभी राहिले. पावलांचा आवाज झाला असावा, कारण तो एकदम हळू बोलायला लागला.

संध्याकाळी सून कामावर गेली की तो एकटा असतो. त्या वेळेला तू फोन करत जा. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेईन.

ताई